धांवत्या मोटारीचा ज्वर

अग्नीला आपल्या पूर्वजांनीं घरांत आश्रय दिला तो कुंडांत, चुलींत आणि समईंत. मर्यादा घातल्यावांचून अग्नीची सेवा घेतां येत नाहीं, ही गोष्ट त्यांनीं पुरती ओळखिली होती. मोटारीचें एंजिन म्हणजे याच अग्नीचें एक लोखंडी कुंड होय. चार नळकांड्यांचें एंजिन मिनिटाला सहा हजार फेरे घेऊं लागलें म्हणजे त्यांत दर मिनिटास बारा हजार आहुति पडतात, आणि प्रत्येक आहुतीच्या क्षणीं आंतील वायूंचें उष्णतामान दोन हजार अंशांच्या वर जातें. (येथें व पुढें सर्व अंश सेल्सिअसचे समजावे.) ज्या अ‍ॅल्युमिनियमचा दट्ट्या या ज्वालेस तोंड देतो, तो धातु ६६० अंशांस वितळतो. असें असतां एंजिन वितळत कसें नाहीं, आणि शर्यतीच्या छोट्या मोटारींत तें वितळण्याच्या बेतास कां येतें, याचा थोडा विचार आज करावयाचा आहे.

शब्दरूपें आणि समास शिकविण्यांत ज्याचें आयुष्य गेलें, त्यानें मोटारीच्या भानगडींत कां पडावें, असें कोणी सुज्ञ वाचक विचारतील. त्यावर उत्तर एवढेंच कीं, आपल्या घरांतील मुलें आणि अलीकडे मुलीही या खेळाकडे वळूं लागल्या आहेत. घाटांतून, डोंगरांतून व कच्च्या वाटांवरून ठराविक वेळांत गाडी नेण्याच्या ज्या स्पर्धेस 'रॅली' म्हणतात, तींत पैसा पाण्यासारखा खर्च होतो. आणि पुष्कळदां तो खरोखरीच वाफ होऊन जातो. वडीलधाऱ्यांना या विषयांतील चार गोष्टी ठाऊक असल्या, तर पैसाही वांचेल आणि मुलाचें तोंडही भाजणार नाहीं. शिवाय बोरघाटाच्या चढणीवर जुन्या मोटारी वाफा सोडीत उभ्या राहिलेल्या ज्यांनीं पाहिल्या आहेत, त्यांना हा रोग कांहीं अगदींच परका नाहीं.

उष्णतेचा जमाखर्च

पेट्रोलांत जी शक्ति असते, तिचा साधारण चौथा ते तिसरा हिस्साच चाकांच्या कामीं येतो. बाकीची सर्व उष्णता होय. तिच्यांतील मोठा वांटा धुराच्या नळींतून बाहेर पडतो, आणि जवळजवळ तेवढाच दुसरा वांटा एंजिनाच्या भिंतींत शिरतो. तो तेथून काढून घेण्याचें काम पाण्याकडे, तेलाकडे व शेवटीं वाऱ्याकडे असतें. शहात्तर अश्वशक्तीचें लहानसें एंजिन पूर्ण जोरांत असतां पाण्याला सुमारें ४० ते ५० किलोवॉट उष्णता वाहून न्यावी लागते. घरांत स्नानाचें पाणी तापविणारा विजेचा गीझर बहुधा २ किलोवॉटचा असतो. म्हणजे असे वीस-पंचवीस गीझर एकाच वेळीं ज्या चार-सहा शेर पाण्यांत पेटविले आहेत, त्या पाण्याला थंड ठेवावयाचें आहे! हें पाणी एका जागीं स्थिर राहिलें तर क्षणांत उकळूं लागेल. तें पंपानें फिरत राहतें व प्रत्येक फेरींत रेडिएटरच्या बारीक नळ्यांतून जातांना आपला भार वाऱ्याच्या स्वाधीन करितें, म्हणूनच सारा व्यवहार चालतो.

रोजच्या प्रवासांत एंजिन पूर्ण जोरांत क्वचितच असतें. शर्यतींत मात्र तें सदैव तसेंच असतें. त्यांतही रॅलीची गाडी अधिक दुर्दैवी. कारण चढाच्या वळणांवर दुसऱ्या गिअरमध्यें एंजिन ओरडत असतें आणि गाडीचा वेग मात्र तीस-चाळीस मैलांचा. उष्णता पूर्ण, पण वारा अर्धा. लहान गाडींत रेडिएटरला जागाही लहान. ज्वराचीं सर्व कारणें अशीं एकत्र नांदतात.

मिनीचें उदाहरण

या विषयाचें उत्तम उदाहरण म्हणजे इंग्लंडांतील 'मिनी' ही मोटार होय. ब्रिटिश मोटर कॉर्पोरेशननें ती १९५९ च्या ऑगस्टमध्यें बाजारांत आणिली. तिचे शिल्पकार अ‍ॅलेक इसिगोनिस. अवघ्या दहा फूट लांबीच्या गाडींत चार माणसें बसवावयाचीं, म्हणून त्यांनीं एंजिन आडवें ठेविलें आणि गिअरची पेटी एंजिनाच्या पोटाखालीं, त्याच तेलांत, बुडविली. मग रेडिएटरला समोर जागा उरली नाहीं. तो त्यांनीं एंजिनाच्या डाव्या बगलेस बसविला, आणि पंख्यानें हवा रेडिएटरमधून ढकलून डाव्या चाकाच्या पोकळींत सोडावी अशी योजना केली. बाजारहाटाला जाणाऱ्या ८४८ घनसेंटिमीटरच्या, चौतीस अश्वशक्तीच्या गाडीला ही व्यवस्था पुरेशी होती.

पण शर्यतीच्या मोटारी बांधणारे जॉन कूपर यांची दृष्टि या गाडीवर पडली. १९६१ सालीं पंचावन्न अश्वशक्तीची 'मिनी कूपर' निघाली. १९६३ सालीं १०७१ घनसेंटिमीटरची 'कूपर एस' आली. आणि १९६४ मध्यें १२७५ घनसेंटिमीटरची, शहात्तर अश्वशक्तीची तिची मोठी बहीण. पॅडी हॉपकर्क यांनीं १९६४ ची माँटे कार्लो रॅली जिंकिली, टिमो मॅकिनेन यांनीं १९६५ ची, आणि राउनो आल्टोनेन यांनीं १९६७ ची. १९६६ सालींही मिनी पहिल्या आल्या होत्या, परंतु पुढच्या दिव्यांच्या नियमावर बोट ठेवून त्यांना बाद करण्यांत आलें. दुपटीहून अधिक शक्ति, आणि रेडिएटर त्याच अंधाऱ्या बगलेंत! या गाडीला ज्वराची खोड लागली यांत नवल नाहीं. समोरून येणारा वारा रेडिएटरवर सरळ आदळत नाहीं. तो आधीं तप्त एंजिनाच्या अंगावरून जातो व स्वतःच ऊन होऊन रेडिएटरपाशीं पोंचतो. बाहेर पडण्याची वाट चाकाच्या पोकळींत, जेथें चिखल व बर्फ यांचा मारा. म्हणून पुढें शर्यतीवाल्यांनीं रेडिएटर उचलून समोर आणिला. कारखान्यानेंही तेंच केलें, पण तें १९९६ च्या अखेरीस, म्हणजे सदतीस वर्षांनीं. आणि २००० सालीं ती मूळ मोटार निघणेंच बंद झालें.

आल्प्स पर्वतांतील जानेवारीची थंडी मिनीच्या पथ्यावर पडली असली पाहिजे, हें साध्या गणितानें कळतें. रेडिएटर किती उष्णता टाकूं शकतो, हें पाणी व हवा यांच्या उष्णतामानांतील अंतरावर अवलंबून असतें. पाणी ९० अंश व हवा शून्य अंश असतां अंतर नव्वदाचें. तीच गाडी वैशाखांत आपल्या देशावर, ४० अंशांच्या हवेंत धांवूं लागली तर अंतर पन्नासाचें. म्हणजे तोच रेडिएटर येथें जवळजवळ निम्म्याच कामाचा. परदेशांतील पुस्तकांत वाचून गाडी सजविणाऱ्यांनीं हें अंतर विसरूं नये.

वाऱ्याला वाट

पहिला उपाय मोठा रेडिएटर, असें सर्वांस वाटतें. माझ्या एका जुन्या विद्यार्थ्यासही तसेंच वाटलें. त्यानें एक जुनी छोटी मोटार घेऊन रॅलीसाठीं सजविली. पहिल्याच घाटांत ती उकळली. दोन वर्षांची शिल्लक मोडून त्यानें मोठा रेडिएटर आणविला. गाडी पुन्हां उकळली. वडिलांनीं गाडी विकून टाकण्याचा निर्वाणीचा निरोप दिला. शेवटीं एका वृद्ध मिस्त्र्यानें रेडिएटरभोंवतीं सुताचे तुकडे चिकटवून पंखा चालू केला. सुतें रेडिएटरकडे न वळतां बाजूच्या फटींकडे वळलीं! वारा रेडिएटरला चुकवून पळत होता. मिस्त्र्यानें पत्र्याच्या पट्ट्या व रबर लावून सगळ्या फटी बुजविल्या. पुढच्या खेपेस गाडी घाट चढून गेली, व ज्वर आला नाहीं. खर्च फार तर एका दिवसाच्या मजुरीचा.

वारा हा पाण्याप्रमाणेंच आळशी आहे. सोपी वाट सांपडली कीं तो अवघड वाटेनें जात नाहीं. रेडिएटरच्या असंख्य पातळ पत्र्यांतून जाणें त्याला अवघड. म्हणून जाळीपासून रेडिएटरपर्यंत बंद बोगदा हवा, आणि रेडिएटरच्या पाठीमागून तापलेली हवा निघून जाण्यास मोकळी वाट हवी. आंत येण्याची वाट सर्वांस सुचते. बाहेर जाण्याची फारच थोड्यांस. ज्या खोलीला खिडकी आहे पण समोर झरोका नाहीं, तींत वारा खेळत नाहीं, हें आपल्या आजीबाईंसही ठाऊक होतें.

पंख्याभोंवतीं कडें असावें, म्हणजे त्यानें ओढलेली हवा कडेनें परत फिरत नाहीं. रात्रींच्या शर्यतीसाठीं जाळीसमोर दिव्यांची रांग लावितात. दिवसा ते दिवे वाऱ्याचे शत्रू होतात, म्हणून काढून ठेवावे. जाळींत अडकलेला चिखल, गवत व किडे प्रत्येक मुक्कामावर काढावे, पण जोराच्या पाण्यानें पत्रे वाकवूं नयेत.

एंजिनावरील झांकणाची मागची कड उचलून ठेविल्यास ऊन हवा निघून जाईल, अशी एक समजूत आहे. प्रत्यक्षांत धांवत्या गाडीच्या समोरच्या कांचेच्या पायथ्याशीं हवेचा दाब वाढलेला असतो; त्यामुळें तेथून हवा बाहेर पडण्याऐवजीं बहुधा आंतच शिरते. आणि झांकणाशीं खेळ करणें धोक्याचें आहे तें निराळेंच. फिनलंडांतील १९६७ च्या 'सहस्र सरोवरांच्या रॅली'त ऊनिनपोह्या या प्रख्यात टप्प्यावर मॅकिनेन यांच्या मिनीचें झांकण उघडून कांचेवर आलें. त्यांनीं डोकें बाजूच्या खिडकींतून बाहेर काढून तशीच गाडी हांकिली व ती रॅली जिंकिलीही. पण असें धैर्य व असें दैव सर्वांच्या वांट्यास येत नाहीं.

पाणी, दाब आणि तवा

पाणी शंभर अंशांस उकळतें हें समुद्रकांठीं खरें. तुरिनीच्या खिंडींत, सोळाशें मीटर उंचीवर, तें पंचाण्णव अंशांच्या सुमारास उकळतें. म्हणजे चढ जितका मोठा तितकी पाण्याची सहनशक्ति कमी. यावर उपाय तोच, जो आपल्या स्वयंपाकघरांत आहे. प्रेशर कुकरमध्यें वाफ कोंडल्यामुळें पाणी १२० अंशांपर्यंत उकळत नाहीं. रेडिएटरचें झांकण हें असेंच शिटीचें झांकण होय. त्याची कमान दर चौरस इंचास तेरा पौंड दाब धरून ठेवीत असेल, तर पाणी सुमारें ११९ अंशांपर्यंत शांत राहतें. हें झांकण जुनें झालें, त्याचें रबर कडक झालें कीं दाब टिकत नाहीं आणि निरोगी एंजिनही उकळूं लागतें. अनेक मोठे खर्च या एका लहानशा झांकणाकडे दुर्लक्ष केल्यानें होतात.

वाफेचा खरा धोका निराळाच आहे. तापलेल्या तव्यावर पाण्याचे थेंब टाकिले तर ते चटकन् आटत नाहींत. स्वतःच्याच वाफेच्या गादीवर नाचत राहतात. तवा मात्र तापतच असतो. एंजिनाच्या माथ्यांत, धुराच्या झडपांजवळ, असेंच घडतें. पाण्याचा प्रवाह मंद झाला कीं तेथें वाफेचा थर जमतो, मग पाणी धातूला स्पर्शच करीत नाहीं, आणि माथा वांकतो किंवा त्याखालील गॅस्केट फुटतें. मिनीच्या एंजिनांत मधल्या दोन नळकांड्यांचा धूर एकाच वाटेनें निघतो. ती जागा म्हणूनच विशेष तप्त. कांटा पाण्याचें सरासरी उष्णतामान दाखवितो, या कोपऱ्याचें नव्हे. कांटा ठीक आहे एवढ्यावर शर्यतीवाल्यानें निश्चिंत राहूं नये.

म्हणून पाणी फिरत राहणें अगत्याचें. पंपाचा पट्टा ताणलेला असावा. अति वेगानें फिरणाऱ्या पंपांत पाण्याऐवजीं पोकळ बुडबुडे उत्पन्न होतात, यासाठीं शर्यतींत पंपाची कप्पी मोठी घालून त्याचा वेग कमी करितात. खालची रबरी नळी मऊ पडली असेल तर पंपाच्या ओढीनें ती चपटी होते. आंत तारेची गुंडाळी असलेली नळी घालावी. पाणी भरतांना कोंडलेली हवा सावकाश बाहेर काढावी.

थर्मोस्टॅट नांवाची मेणाची झडप पाणी सुमारें ८० अंश तापेपर्यंत रेडिएटरची वाट अडवून धरिते. ती काढून फेंकल्यास एंजिन थंड राहील, अशी एक लोकप्रिय समजूत आहे. परंतु तिच्या अडथळ्यामुळेंच एंजिनाच्या अंगांत पाण्याचा दाब राहतो आणि तें सर्व कोपऱ्यांत पोंचतें. म्हणून जाणते लोक झडप काढिली तर तिच्या जागीं तेवढ्याच अडथळ्याचें कडें बसवितात, अथवा कमी अंशांस उघडणारी झडप घालितात.

पाणीही साधें नसावें. विहिरीच्या जड पाण्यानें बंबांत जसा क्षाराचा थर बसतो, तसाच तो येथेंही बसतो, आणि क्षार हा उष्णतेचा अडसर आहे. शुद्ध केलेलें पाणी व त्यांत गंज न धरूं देणारें द्रव्य घालावें. थंड देशांत पाणी गोठूं नये म्हणून ग्लायकॉल मिसळितात. निम्में ग्लायकॉल मिसळल्यास पाण्याची उष्णता वाहण्याची शक्ति सुमारें सहाव्या हिश्शानें घटते; शिवाय रस्त्यावर सांडल्यास तें निसरडें असल्यानें पुष्कळ शर्यतींच्या मैदानांवर त्यास मनाई आहे. हें द्रव्य चवीस गोड व पोटांत गेल्यास विषारी असतें. ज्या घरीं मुलें किंवा कुत्रें आहे, तेथें तें कुलपांतच ठेवावें.

तेल आणि ठिणगी

मिनीमध्यें एकच तेल एंजिनास व गिअरांस वंगण पुरवितें, म्हणून त्यास दोहोंकडून ताप होतो. तेल १३० अंशांच्या पलीकडे बराच वेळ राहिलें तर पातळ होऊन त्याचा थर तुटूं लागतो. म्हणून शर्यतीच्या गाड्यांना तेलासाठीं स्वतंत्र छोटा रेडिएटर लावितात. पण तो पाण्याच्या रेडिएटरच्या तोंडावर लावून त्याचा वारा अडवूं नये.

कित्येकदां सर्व शीतव्यवस्था निर्दोष असते आणि रोग मुळांतच असतो. ठिणगी उशीरा पडली तर ज्वाला नळकांड्यांतील आपलें काम न करितां धुराच्या वाटेवर जळत जाते व माथा तापविते. ती फार लवकर पडली, किंवा पेट्रोल हवेच्या मानानें कमी पडलें, तर एंजिन टकटक आवाज करूं लागतें आणि दट्ट्यास भोंक पडण्याचा संभव असतो. तेव्हां नवा रेडिएटर विकत घेण्यापूर्वीं ठिणगीची वेळ व पेट्रोलाचें प्रमाण तपासावें. वैद्य ताप उतरविण्याआधीं तापाचें कारण पाहतो. मिस्त्र्यानेंही तसेंच करावें.

निदानाची रीत

गाडी केवळ संथ चालतांना तापत असेल, तर दोष पंख्याचा किंवा वाऱ्याच्या वाटेचा समजावा. केवळ वेगांत तापत असेल, तर रेडिएटर आंतून भरलेला आहे, खालची नळी चपटी होते, किंवा ठिणगी-पेट्रोलांत दोष आहे. थंड एंजिन झांकण काढून चालू केलें असतां पाण्यांतून सतत बुडबुडे येत राहिले व पाणी वारंवार कमी होत गेलें, तर गॅस्केट फुटल्याची शंका घ्यावी. एका वेळीं एकच बदल करावा आणि कांट्याचे आंकडे वहींत टिपून ठेवावे. चार बदल एकदम केले तर कोणत्या औषधानें गुण आला हें कधींच कळत नाहीं.

शर्यतींत कांटा चढूं लागला तर गाडींतील ऊब देणारा हीटर पूर्ण उघडावा. चालकास घाम फुटेल, पण हीटर हा दुसरा लहान रेडिएटरच असल्यानें एंजिनास दिलासा मिळेल. पुढच्या गाडीच्या अगदीं पाठीशीं चिकटून राहूं नये. तिच्या मागें वारा मंद असतो. टप्पा संपतांच एंजिन एकदम बंद करूं नये. पंप थांबतो, पण तापलेल्या लोखंडांतील उष्णता पाण्यांत शिरतच राहते. मिनिट-दोन मिनिटें तें सावकाश चालूं द्यावें.

शेवटची आणि सर्वांत महत्त्वाची सूचना. उकळत्या गाडीचें झांकण कोणत्याही घाईनें उघडूं नये. ११५ अंशांचें पाणी दाबाखालीं असतें म्हणूनच पाणी असतें. झांकण सैल होतांक्षणीं त्यांतील कांहीं भागाची वाफ होते आणि उरलेलें पाणी कारंज्यासारखें तोंडावर उसळतें. अर्धा तास थांबावें, वरची नळी हातास सोसवेल इतकी निवूं द्यावी, मग जाड फडकें धरून हळू फिरवावें. आणि कोरड्या पडलेल्या तप्त एंजिनांत गार पाणी ओतूं नये. जळत्या कंदिलाच्या कांचेवर पाण्याचा शिंतोडा पडला तर काय होतें, तें सर्वांस ठाऊक आहे. ओतीव लोखंडाचीही तीच गत होते. अर्ध्या तासाच्या धीरानें फार तर एक शर्यत जाईल. तो धीर नसला तर डोळे जाऊं शकतात.

वेगाची हौस तरुणांना असावयाचीच. तिला नांवें ठेवण्यांत अर्थ नाहीं. परंतु माँटे कार्लोचे विजय केवळ चालकांच्या शौर्यानें मिळाले नाहींत. रात्रीं थंडींत कुडकुडत नळ्या, पट्टे आणि झांकणें तपासणाऱ्या कारागिरांचाही त्यांत वांटा होता. ज्या मुलाला गाडी पळवावयाची आहे, त्याच्या हातीं वडिलांनीं आधीं एक वही, एक पाना आणि सुताची गुंडी द्यावी. त्या तीन वस्तूंशीं त्याची मैत्री जमली, म्हणजे मोठ्या रेडिएटरसाठीं पैसे द्यावे कीं नाहीं, याचा निर्णय तो स्वतःच योग्य तो करील.